रंग लावलेली मोटर

गाडीचं स्टेअरिंग पहिल्यांदा जड झालं तेव्हा आई माझ्या शेजारी बसली होती. मी तिला वालूरहून सेलूला घेऊन येत होते. तिचा गुडघा फार दुखायला लागला होता, आणि काही दिवस माझ्याकडे राहून ती औषधपाणी करून घेणार होती. गाव सोडल्यावर एका वळणावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि लगेच हातातलं चाक गच्च झालं. कुणीतरी खालून घट्ट धरून ठेवावं तसं. दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून मी गाडी कशीबशी वळवली आणि कडेला घेतली.

"काय झालं गं? कुत्रं आडवं आलं का?" आईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. तिला दुसरं काय सांगणार होते? गाडी बंद केली, थोडा वेळ बसले, पुन्हा चालू केली. दिवा गेला होता आणि चाक लोण्यासारखं मऊ फिरत होतं. घरी पोचेपर्यंत काहीच झालं नाही. त्यामुळं मलाच वाटलं, आपलाच काहीतरी भास.

ही गाडी जुनी आहे. एका डॉक्टरांनी वापरलेली, त्यांच्याकडून आम्ही घेतलेली. पण आमच्या घराण्यात मोटार चालवणारी मी पहिली. माझे वडील शिक्षक होते, आयुष्यभर सायकलवर शाळेत गेले. नवरा बँकेत आहे आणि त्याला रस्त्याची भीती वाटते. तो स्कूटरसुद्धा गल्लीपुरती चालवतो. माझी शाळा देवगाव फाट्याच्या पुढं. कितीतरी वर्षं मी एसटीत आणि काळीपिवळी जीपमध्ये उभी राहून, कधी दाराला लटकणाऱ्यांच्या कोपराचे धक्के खात तिथं गेले. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले. शिकवणारा माणूस माझ्या प्रत्येक चुकीला "सोडा मॅडम, तुमच्यानं होणार न्हाई" म्हणायचा. झालं माझ्यानं. त्यानंतर मी कधी जीपमध्ये पाय ठेवला नाही. शाळेतल्या एक मोठ्या बाई माझ्याबरोबर यायला लागल्या. निवृत्तीला आलेल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, तोंडानं सडेतोड. त्या मागच्या सीटवर बसून वाटाणे सोलायच्या आणि मला रस्त्यावरची गुरं आधीच दाखवून द्यायच्या.

हे एवढं सांगते, कारण पुढं जे झालं त्याचा राग नुसता लोखंडाच्या तुकड्यावरचा नाही.

दुसऱ्यांदा चाक जड झालं तेव्हा मी गाडी गॅरेजवर नेली. गॅरेजवाला माझा विद्यार्थी. पूर्वी मी ज्या शाळेत होते तिथं तो माझ्या वर्गात होता. अभ्यासात बेताचा, पण बंद पडलेलं घड्याळ, पंखा, काहीही उघडून बसणारा. आता सेलूतच त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. मी गेले की तो हातातलं काम टाकून उठायचा, खुर्ची पुसून द्यायचा आणि मी नको म्हटलं तरी चहा मागवायचा. एकदा त्यानं आपल्या बायकोला मुद्दाम बोलावून "ह्या माझ्या बाई" असं सांगितलं होतं. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं होतं.

त्यानं गाडी फिरवून आणली, डॅशबोर्डखाली डोकं घालून बघितलं आणि म्हणाला, "बाई, पावर स्टेअरिंगची मोटर गेली. चाकाला जोर देणारी हीच मोटर असती. ही बंद पडली की समदा जोर तुमच्या हातावर येतो."

"मग नवी बसव."

"नवी लवकर भेटत न्हाई. मॉडेल बंद झालंय. कंपनीतून मागवायची म्हणल्यावर लय दिवस गाडी उभी राहील. परभणीत एक दुकान हाय, तिथं रिकंडिशन मोटर भेटती. जुनीच, पण उघडून, आतलं खराब झालेलं समदं बदलून, नव्यासारखी केलेली. लोकं तीच बसवायलेत."

"टिकेल का?"

"न टिकायला काय झालं? बदलून द्यायची गॅरंटी हाय त्याची."

रविवारी मी आणि नवरा परभणीला त्या दुकानात गेलो. आत फळ्यांवर मोटारी, पंप, दांडे, असं सगळं ओळीनं मांडलेलं. प्रत्येक वस्तू काळ्या रंगानं चकाकत होती आणि प्रत्येकीवर चंदेरी स्टिकर. दुकानदार पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा माणूस. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सगळं बोलणं माझ्या नवऱ्याशी केलं. नवऱ्याला गाडीतलं काही कळत नाही. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

"गाडी मी चालवते," मी म्हणाले.

"बरं बरं, मॅडम चालवतात का," तो नवऱ्याला म्हणाला. "मग तर हलकंच पाहिजे स्टेअरिंग."

ती मोटर बसवली. पावसाळा चांगला गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि एका सकाळी पुन्हा पिवळा दिवा लागला. बंद करून चालू केलं की जायचा. मग रोज लागायला लागला. मग दुपारी, ऊन तापलं की हमखास. मोठ्या बाई वाटाणे सोलायचं थांबवून विचारायच्या, "आला का तुमचा दिवा?"

माझ्या विद्यार्थ्यानं मोटर काढली, परभणीला पाठवली, बदलून दुसरी आली. ती तर संक्रांतीपर्यंतसुद्धा चालली नाही. या वेळी त्यानं जरा अवघडून विचारलं, "बाई, तुमी गाडी जागेवर उभी असताना चाक फिरवता का?"

"पार्किंगमधून काढताना फिरवावंच लागतं."

"त्यानं मोटरवर लोड येतो. दुकानदार म्हणायलाय, लेडीज लोकं लय जोरात फिरवतेत, म्हणून जळायलीय."

मोटर पुन्हा बदलून आली, पण त्याचं ते बोलणं मला लागलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, तसं असेलही. थोडं जपून फिरवत जा." मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. पण खरी गोष्ट अशी की पुढं कितीतरी दिवस मी ते चाक तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तसं फिरवत होते. गल्लीत गाडी वळवायला वेळ लागायचा, मागं मोटरसायकलवाले हॉर्न वाजवायचे, आणि मी मनात स्वतःलाच दोष देत हळूहळू चाक फिरवायचे. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. मोटर खराब दिली ती दिलीच. वर माझ्या हातांवरचा माझा भरवसा घालवला.

संशय मोठ्या बाईंना आधी आला. एका सकाळी गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "अवो बाई, तुमची मोटर बदलून येती तवा ती दुसरीच असती, हे तुमाला कोण सांगतं?"

"कोण म्हणजे? गॅरेजवाला."

"त्यानं सांगितलं, तुमी ऐकलं. आमच्याकडं शेळ्या राखायला दिल्या की आधी कानाला खूण करतेत. मेलेली शेळी तुमचीच होती का दुसऱ्याची, मग ते कळतं."

मी हसले. माझ्या विद्यार्थ्याबद्दल असं काही ऐकून घ्यायला मी तयार नव्हते. पण संध्याकाळी घरी आल्यावर मुलीची जांभळी नेलपॉलिशची बाटली घेतली, गाडीत डॅशबोर्डखाली वाकून बसले आणि मोबाइलच्या उजेडात मोटरच्या खालच्या अंगाला, स्क्रूजवळ एक छोटी फुली मारली. मारताना लाज वाटली. मुलगी दारात उभी राहून विचारत होती, "मम्मी, काय करायलीस?" मी म्हणाले, "काही नाही, स्क्रू ढिला आहे."

मार्च लागला आणि ऊन तापलं तशी ती मोटरही गेली. पुन्हा काढली, पुन्हा परभणी. परत आली ती कोरी करकरीत दिसत होती. काळा रंग, नवं स्टिकर. विद्यार्थ्यानं ती मला वरच्या अंगानं दाखवली आणि बसवून टाकली.

"ही एकदम वेगळी हाय बाई. दुकानदारानं खास तुमच्यासाठी काढून दिली."

तेव्हा दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मी केंद्रावर होते, घरी येऊन पडायचे. खाली वाकून खूण बघायची राहून गेली. खरं म्हणजे बघावंसं वाटलंही नाही. त्यानं तोंडानं सांगितलं होतं, आणि मला ते पुरेसं होतं.

परीक्षा संपता संपता एका सकाळी मी आणि मोठ्या बाई शाळेला निघालो होतो. सेलूकडून आलं की देवगाव फाट्यावर आम्हाला उजवीकडं, जिंतूरच्या बाजूला वळावं लागतं. फाट्यावर नेहमीची गर्दी. एसटीची वाट बघणारे, चहाची दुकानं, समोरच्या कडेला फळांचे गाडे. मी थांबले, दोन्ही बाजूंनी ट्रक जाऊ दिले, रस्ता मोकळा बघून गाडी काढली आणि चाक उजवीकडं फिरवलं. अर्ध्या वळणात दिवा लागला. चाक तिथंच अडकलं. मी जोर लावला, मनगट कळवळलं, चाक जेमतेम हललं. गाडी वळायच्या ऐवजी सरळ पलीकडच्या कडेला निघाली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण तोपर्यंत तिचं नाक पेरूच्या एका गाड्याला लागलं होतं. गाडा कलंडला. पेरू रस्त्यावर घरंगळले. आणि गाड्यामागं बसलेली म्हातारी ओरडली. गाड्याची लोखंडी कड तिच्या पायावर पडली होती.

ती म्हातारी रोज तिथं बसायची. आम्ही तिच्याकडून कधी कधी पेरू घ्यायचो. मी खाली उतरले, पण मोठ्या बाई माझ्याआधी तिच्यापाशी पोचल्या. त्यांनी दोघा माणसांना दरडावून गाडा उचलायला लावला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. अंगठा आणि पावलाचा पुढचा भाग काळानिळा झाला होता.

आणि भोवती माणसं जमली. त्यांतलं एकही वाक्य मी विसरलेले नाही.

"बाईमाणसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार?"

"हौस असंल तं रिकाम्या मैदानात चालवावी."

"मोबाइलवर बोलत असंल."

माझा मोबाइल पर्समध्ये होता आणि पर्स मागच्या सीटवर. "चाक अडकलं," मी म्हणाले, "स्टेअरिंगची मोटर गेली." एक जाडजूड माणूस पुढं आला, गाडीत बसला, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, दिवा गेला होता, आणि त्यानं एका बोटानं चाक डावीकडून उजवीकडं फिरवून सगळ्यांना दाखवलं.

"कुठं अडकलंय? लोण्यावानी फिरायलंय."

लोक हसले. मी त्या हसण्यासमोर उभी होते, विज्ञान शिकवणारी बाई, आणि माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. मोठ्या बाई तेवढ्यात म्हणाल्या, "हसताय काय? म्हातारीला उचला आधी." म्हातारीला त्याच गाडीतून दवाखान्यात न्यायला कुणी तयार होईना. शेवटी एका जीपवाल्यानं आम्हा तिघींना सेलूला आणलं. पायाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. तिचा सगळा दवाखाना मी केला. ते करायलाच पाहिजे होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिचा मुलगा मला एक शब्दही वाईट बोलला नाही. तो नुसता बघत होता, आणि ते जास्त अवघड होतं.

नवऱ्यानं कुणालातरी सांगून गाडी ओढत घरी आणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गाडीत शिरले, डॅशबोर्डखाली आडवी झाले आणि मोबाइलचा उजेड टाकला. स्क्रूजवळ काळ्या रंगाखालून जांभळा रंग डोकावत होता. रंगवणाऱ्यानं घाईघाईत ब्रश फिरवला होता. फुलीची एक रेघ झाकली गेली होती, दुसरी अर्धी उघडी होती. मी नखानं खरवडलं. काळा रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि माझी फुली पूर्ण दिसली.

मी चालत गॅरेजवर गेले. माझ्या विद्यार्थ्यानं नेहमीसारखी खुर्ची पुसली. मी बसले नाही. "चल माझ्याबरोबर," म्हणाले आणि त्याला घरी आणलं. गाडीखाली नव्हे, गाडीच्या आत, माझ्या सीटवर त्याला आडवं व्हायला लावलं आणि खूण दाखवली.

"ही फुली मी जानेवारीत मारली. तू म्हणालास ही वेगळी मोटर आहे."

तो उठून बसला आणि म्हणाला, "बाई, दुकानदारानं तीच परत दिली. उघडली होती म्हणला, साफ केलीय म्हणला. वरचा ताजा रंग बघून मला समजलं होतं, मोटर तीच हाय."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"त्याच्याकडून माझं समदं सामान येतंय. उधारीवर येतंय. त्याच्याशी वाकडं घेतलं तं गॅरेज बंद पडतंय माझं. मला वाटलं, चालंल. कितीतरी जणांच्या गाडीत चालायलीत."

"आणि बाई चाक जोरात फिरवतात, हे?"

त्यानं मान खाली घातली. "ते त्यानं सांगायला सांगितलं होतं."

त्याला समोर बघून मला त्याचा वर्गातला चेहरा आठवला असता तर कदाचित मी विरघळले असते. पण मला त्या वेळी फक्त म्हातारीचा काळानिळा पाय दिसत होता. मी त्याला म्हणाले, "मोटर काढ. आत्ता."

त्यानं मोटर काढली. ती पिशवीत घालून मी नवऱ्याला घेऊन एसटीनं परभणीला गेले. या वेळी नवरा स्वतःहून म्हणाला, "बोलायचं ते तू बोल. मी फक्त शेजारी उभा राहतो." माझ्या संसारातल्या ज्या वाक्यांसाठी मी त्याला बरंच काही माफ करते, त्यांतलं हे एक.

दुकानदारानं मोटर बघितली, फुली बघितली, आणि चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही.

"ताई, रिकंडिशन मालाचं असंच असतं. आम्ही तीच मोटर पुन्हा दुरुस्त करून दिली, त्यात फसवणूक कसली?"

"दुरुस्त केलीत? आत काय बदललंत?"

"ते कारागीर करतो. मी विचारून सांगतो."

"रंग कोणी दिला?"

"रंग तर द्यावाच लागतो. कळकट वस्तू गिऱ्हाइकाला कशी द्यायची?"

मी त्याला फाट्यावर काय झालं ते सांगितलं. म्हातारीचं हाड मोडल्याचं सांगितलं. तो चुकचुकला. मग म्हणाला, "वाईट झालं. पण ताई, राग मानू नका, स्वस्तातली वस्तू तुम्हीच मागितली होती."

"मी स्वस्त मागितलं होतं. खोटं नव्हतं मागितलं."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलला. फळीवरची दुसरी मोटर काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली. "ही घेऊन जा. विषय संपवा." तीही काळी, चकाकणारी, चंदेरी स्टिकर लावलेली. ती कुणाच्या गाडीतून निघाली होती आणि तिनं कुणाला कुठं नेऊन आपटलं होतं, कोण सांगणार? मी ती हातात घेतली नाही. माझी मोटर पिशवीत टाकली आणि बाहेर आले. पुढं एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी पक्कं बिल आहे का विचारलं. नव्हतं. दुकानदारानं चिठ्ठीवर आकडा खरडून दिला होता, तोही नुसता. वकील म्हणाले, ओढाताण बरीच होईल आणि हाती काही लागेल याची खात्री नाही. मी ती वाट सोडली.

पण एक गोष्ट मी सोडायला तयार नव्हते. फाट्यावरचं ते हसणं.

म्हातारीचं प्लास्टर निघून ती पुन्हा गाड्यावर बसायला लागली, तेव्हा मी माझ्या विद्यार्थ्याला म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर फाट्यावर यायचंस. ती मोटर घेऊन." त्यानं टाळायचा प्रयत्न केला. कामं आहेत म्हणाला. मग म्हणाला, "बाई, माझं नाव खराब होईल."

"माझं झालंय," मी म्हणाले.

तो आला. आम्ही एसटीनं गेलो, मी, मोठ्या बाई आणि तो. सकाळची तीच वेळ, चहाच्या दुकानात बरीचशी तीच माणसं. तो जाडजूड माणूसही होता. माझ्या विद्यार्थ्यानं मोटर चहाच्या टेबलावर ठेवली आणि आधी अडखळत, मग नीट सांगितलं. ही मोटर गरम झाली की बंद पडते, थोड्या वेळानं परत चालू होते. त्या दिवशीही तेच झालं होतं. बाईंची काही चूक नव्हती. खराब मोटर मी बसवली होती, माहीत असून बसवली होती.

जाडजूड माणसानं मोटर उचलून उलटसुलट केली. "आसं हाय होय," म्हणाला आणि चहा प्यायला लागला. मला वाटलं होतं तो काहीतरी म्हणेल. चुकलं, एवढं तरी. बाकीचे मान हलवून आपापल्या बोलण्याला लागले. एकानं माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या गॅरेजचा पत्ता विचारला.

मग आम्ही म्हातारीकडं गेलो. तिच्यापुढं त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय आखडून घेतला.

"तिथं नगं हात लावू, दुखतंय अजून," ती म्हणाली. मग त्याच्याकडं नीट बघून म्हणाली, "तुझी माय बसती का कुठं रस्त्याच्या कडंला?"

"न्हाई, मावशी."

"म्हणून."

मग ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमी म्हणता ते समदं खरं असंल. तुमी मुद्दाम घातली न्हाई गाडी, हे मला तवाच ठाऊक होतं. पर पाय माजा हाय. ह्यो चुकलं म्हणला, आता मला चालता येतंय का पयल्यासारखं?"

मी तिच्याकडून पेरू घेतले. तिनं नेहमीसारखे निवडून दिले. तिचं म्हणणं खरं होतं. ज्या माणसानं त्या मोटरीला रंग दिला तो परभणीत पंख्याखाली बसला होता. फाट्यावर उभे होतो ते आम्ही.

कंपनीची नवी मोटर यायला उन्हाळ्याची सगळी सुट्टी गेली. ती दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतली. तेव्हापासून दिवा लागलेला नाही. चाक मी पुन्हा मला पाहिजे तसं फिरवते, गाडी जागेवर उभी असतानासुद्धा, आणि काही जळत नाही. माझा विद्यार्थी रस्त्यात दिसला तर थांबतो, नमस्कार करतो. मी नमस्कार घेते. त्यानं फाट्यावर येऊन चारचौघांत सांगितलं हे मी नाकारत नाही. पण गाडी त्याच्याकडं पुन्हा नेली नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

मध्यंतरी परभणीला गेले होते तेव्हा त्या दुकानावरून जाणं झालं. बाहेर एक पांढरी गाडी उभी होती, आत लहान लेकराला कडेवर घेतलेली एक बाई, आणि काउंटरवर तिचा नवरा काळी चकाकणारी मोटर हातात धरून बघत होता. मी गाडी थांबवली आणि आत गेले. दुकानदारानं मला ओळखलं.

मी त्या माणसाला सांगितलं, "भाऊ, हा माल घेऊ नका. मी इथूनच घेतली होती. भर वळणात बंद पडली. एका म्हातारीचा पाय मोडला."

तो माझं बोलणं अगदी आदबीनं ऐकत होता. त्याच्या बायकोनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नवऱ्याकडं बघितलं. मी अजून एक-दोन गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं, ताई." मग दुकानदाराकडं वळून त्यानं विचारलं, "गॅरंटी किती दिवसाची म्हणालात?"